ऑफ लेक्चरचं सुख

साडेसातचं अकाउंट्सचं लेक्चर ऑफ. ग्रुपवर मेसेज आला सात बावीसला. टिळक रोडच्या अमृततुल्यासमोर कट्ट्यावर बसत मी म्हणालो, "कॉलेजात याहून मोठं सुख नाही."

प्रियाने चहाचा ग्लास असा आपटला की निम्मा सांडला. "तुझं घर कुठंय रे?"

"सदाशिव पेठ."

"मग गप्प बस."

ती हडपसरहून येते. दोन बस. तिचं म्हणणं, पाच मिनिटं चालत येणाऱ्याला ऑफ लेक्चर म्हणजे सुट्टी, साडेपाचला उठून स्वारगेटला बस बदलणाऱ्याला शिक्षा. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आवाज चढवला. (पेठेत वाढल्याचा एवढा तरी उपयोग.)

ओंक्या लातूरचा, मेसवर जेवणारा. त्याचं सुख ताटात. "रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद, हे ठरलेलं. पण परवा मंगळवारी गुलाबजाम! काकूंना विचारलं, कुणाचा वाढदिवस? म्हणाल्या, पाहुण्यांसाठी आणलेला खवा उरलाय, गप खा."

"हे सुख नाही, खव्याची विल्हेवाट आहे."

"जीभ कारण विचारते होय?"

प्रिया म्हणाली, "दोघंही फालतू. काल पुरुषोत्तम करंडकाला होतात का, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला? भरत नाट्य मंदिर खचाखच. आपली एकांकिका सुरू व्हायच्या आधी 'अरे आवाऽऽज कुणाचा' चालू होतं. मागून एक घोगरा आवाज सगळ्यांच्या वर. वळून बघते तर अकाउंट्सचे सर! हजेरी ७५ टक्क्यांना एक टक्का कमी पडली तरी डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकणारे."

"ओरडून काय होतंय? २०२२ ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता."

"करंडकासाठी कोण ओरडतं?" प्रिया भडकली. "घसा फुटेस्तोवर ओरडत होते ते, शर्टाची बटणं..."

ओंक्याने मोबाइल काढला आणि सकाळचा मेसेज मोठ्याने वाचला. सरांची तब्येत बरी नसल्यामुळे आजचं लेक्चर होणार नाही.

प्रिया सांडलेल्या चहाकडे बघत राहिली.

"तालमींपायी माझी हजेरी एकसष्टवर आलीये," ती जरा वेळाने म्हणाली. "लिस्ट उद्या लागणार होती."

"घसा बसलाय त्यांचा, हात नाही," ओंक्या म्हणाला आणि आणखी तीन चहा सांगितले.