आवाज फुटायच्या वयात : एका बापाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रियेखाली नाव न घालता तुम्ही 'जतकडचा एक बाप' एवढंच लिहिलंत आणि मला ताई म्हणालात, म्हणून मीही दादाच म्हणते. उत्तर द्यायला आठ दिवस लागले. तुमची एक गोष्ट मनाला लागली आणि एक पूर्णपणे पटली, दोन्हींवर नीट विचार करायचा होता.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी मिरजेत गाण्याचा क्लास घेते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आवाज स्थिरावेपर्यंत, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षापर्यंत, मुलांना टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत उतरवूच नये. दाखला म्हणून गायक कुमार गंधर्वांनी त्यांचे गुरू प्रोफेसर देवधरांकडे घेतलेली तालीम सांगितली होती. त्यावर दादांनी लिहिलं, की ताई, कुमार स्वतः दहा-अकराव्या वर्षी हजारो लोकांसमोर गात होते, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तुम्ही मिरजेत बसलात, तुमच्या दाराशी गुरू आहेत. माझी अकरा वर्षांची पोर फोनवर ऐकून गाते. तिला टीव्ही सोडून दुसरी वाट कुठली? आणि शेवटी, 'लहान पोरांचं नाव झालेलं तुम्हा क्लासवाल्यांना बघवत नाही.'

आधी कुमारांचं. तुमचं बरोबर आहे, मी अर्धीच गोष्ट सांगितली. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा बड्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गायचा. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला लहानपणीच मिळालं आणि त्या वयात त्याने मोठमोठ्या परिषदा गाजवल्या. म्हणजे रंगमंच आधी आला, तालीम नंतर. लेख लिहिताना हे मला माहीत होतं. माझ्या मुद्द्याला अडचणीचं होतं म्हणून मी ते मागे ठेवलं. तसं करायला नको होतं.

पण गोष्टीचा उरलेला अर्धा भागही बघा. १९३६ च्या सुमारास तो मुलगा मुंबईत देवधरांकडे राहायला आला. देवधर मूळचे आमच्या मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्याकडे सगळ्या घराण्यांच्या गवयांचं येणं-जाणं होतं. कुमारांनी तिथे वर्षानुवर्षं काढली, गायिका अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकले. ज्याच्या नावावर सभागृहं भरत होती त्या पोराला पुन्हा शिकायला बसवणारी माणसं त्याला भेटली. नक्कल करणारा गळा स्वतःचं गाणं गायला लागला तो त्यामुळे. तुमच्या मुलीचा विचार करताना माझ्या डोक्यात हाच प्रश्न येतो, की टाळ्या वाजून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर कोण बसणार आहे?

दुसरं उदाहरण गवई भास्करबुवा बखल्यांचं, कारण ते तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत होता, गोड गळ्याचा म्हणून नावाजलेला. वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीतली त्याची जागा गेली. ज्या गळ्यावर पोट होतं तोच गेला. मग बुवा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले, पुढे नत्थन खाँसाहेबांकडे, नंतर अल्लादिया खाँसाहेबांकडे. पुण्यातला भारत गायन समाज त्यांनीच १९११ मध्ये सुरू केला आणि १९१६ साली आलेल्या 'संगीत स्वयंवर' नाटकातल्या पदांच्या चाली त्यांच्या. बालगंधर्वांचे ते गुरू. हे सगळं आज आपल्याला ठाऊक आहे, कारण फुटलेल्या आवाजाच्या त्या पोराला कुणीतरी शिकवायला तयार झालं. त्या काळात नाटक कंपन्यांतून आवाज फुटलेली आणखी किती पोरं घरी गेली असतील, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आता जे मागच्या लेखात लिहिलं नाही ते लिहिते. तो लेख मी रागात लिहिला होता आणि रागाला कारण होतं.

माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा शिकत होता. एका वाहिनीच्या स्पर्धेत त्याची निवड झाली. निवड झाली तेव्हा तो काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, लख्ख गायचा. प्रत्यक्ष चित्रीकरण सुरू होईपर्यंत चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत त्याचा आवाज उतरायला लागला. मुलांचा आवाज वयात येताना जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. स्वरयंत्र वाढतं, आतल्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते, आणि गळ्याला जुनी सवय असल्यामुळे मधेच स्वर निसटतो. मी सोबत गेले होते. पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, दोन स्वर खाली घ्या, अशी विनंती केली. साथीचा ध्वनिमुद्रित ट्रॅक तयार आहे, आता बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्याची पाळी रात्री एकला आली. अंतऱ्यात तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज चिरकला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलला नाही, आणि तो तुकडा पुढे टीव्हीवर तसाच दाखवला.

दोन महिने तो क्लासला आला नाही. मग आईने हाताला धरून आणलं. गा म्हटलं तर मान खाली. मी म्हटलं, गाऊ नकोस, तानपुरा लाव.

आमच्या गावात तानपुरे घडतात. सतारमेकर गल्लीतून जाताना वाळत घातलेले भोपळे दिसतात. घोडीवर कानस फिरवून, तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढणारे कारागीर दिसतात. मी त्याला तिथे दोन दुपारी नुसतं बघायला बसवलं. मग घरी रोज अर्धा तास तानपुरा. आधी जोडाच्या, म्हणजे एकाच सुराच्या मधल्या दोन तारा एकमेकींत मिसळायच्या, मग पंचमाची तार, मग खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. खुंटीने जवळ आणायचं आणि उरलेला केसाएवढा फरक तारेतला मणका सरकवून काढायचा. पहिल्या आठवड्यात त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि तरी जोड लागलेला नसायचा. तिसऱ्या महिन्यात एकदा मी लावलेला तानपुरा त्याने ऐकला आणि म्हणाला, 'बाई, पंचम चढलाय.' चढला होता.

आठ महिने असे गेले. मधेमधे खालच्या सप्तकात हलकेच सा धरायचा, दुखलं की थांबायचं. मग एके दिवशी काळी एकमध्ये तो पूर्ण भूप राग गायला. आवाज जुना नव्हता. त्याने सा सोडला नाही एवढंच मला हवं होतं.

म्हणून दादा, पोरांचं नाव झालेलं बघवत नाही हे वाक्य मला लागलं. ते तुम्ही परत घ्या असं म्हणत नाही, कारण असे क्लासवाले असतात हे मलाही माहीत आहे. फक्त माझा राग कुठून आला ते तुम्हाला कळावं.

टीव्हीवाल्या सगळ्यांना एका मापाने मोजलं, हीही माझी चूक. २००९ साली टीव्हीवरच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' या स्पर्धेचं ते पर्व संपलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र पाच पोरांची नावं तोंडपाठ म्हणत होता. कार्तिकी आळंदीची, रोहित लातूरचा, मुग्धा अलिबागची, प्रथमेश रत्नागिरी जिल्ह्यातला, आर्या पुण्याची. गावाकडच्या पोरांना दार उघडलं हे खरंच. पण कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गाणारे आणि शिकवणारे, आर्याची आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याची गायिका. कार्यक्रम संपल्यावर घरी विचारणारं माणूस होतं. ज्या घरात असं कुणी नाही तिथल्या पोरीने काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न, आणि माझ्या लेखात त्याला उत्तर नव्हतं.

तर आता सांगते. मुलगी अकराची आहे ना? दिल्लीच्या सीसीआरटी या सरकारी सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असते, आणि ती गुरूकडे शिकत असलेल्या मुलांना मिळते. म्हणजे हातात तीन वर्षं आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा 'प्रारंभिक' या पहिल्या परीक्षेपासून सुरू होतात. परीक्षेने गाणं येत नाही, पण लहान गावात वर्षभर एका रेषेत चालायला उपयोग होतो, म्हणून द्यावी. आकाशवाणीची संगीत स्पर्धा १६ ते २४ वयोगटाची आहे. हे वय बघा. तोवर आवाज स्थिरावलेला असतो.

फोनवर शिकते यात कमीपणा काहीच नाही. फक्त व्हिडिओ कॉलवर सोबत गाऊन शिकवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो. शिवाय फोन तानपुऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतो, त्यामुळे शिकवणाऱ्याला मूल सुरात आहे की नाही तेच कळत नाही. त्यापेक्षा एका फोनवर तानपुरा लावून दुसऱ्यावर ध्वनिमुद्रण करा आणि ते पाठवा. मी ऐकून दुरुस्त्या सांगत जाईन. माझ्या क्लासची दोन मुलं अशीच शिकतात, एक परभणीकडची, एक दुबईत असते.

मुलींचाही आवाज या वयात बदलतो हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. उतरतो दोन-तीन स्वरच, पण मधे वर्ष-दीड वर्ष आवाजात हवा येते, वरचे स्वर पातळ होतात. अशा वेळी आई-बाप 'जोर लाव' म्हणतात. तेवढं म्हणू नका.

आणि पार्श्वगायिका व्हायचं तिचं स्वप्न आहे असं तुम्ही लिहिलंत. होऊ दे की! मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. स्पर्धेत उतरवूच नये हे माझं वाक्य मी मागे घेते. उतरवायचं असेल तर पट्टी तिच्या त्या दिवशीच्या गळ्याला बघून ठरेल, हे आधी लिहून घ्या. नाही म्हणाले तर परत या. आवाज बदलत असताना मात्र नको, यावर मी अजून ठाम आहे.

मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तेव्हा तिला घेऊन या, रात्रभर ऐकू दे. पण त्याची वाट बघू नका. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी माझ्याकडे बाहेरगावची मुलं येतात, जतहून पहिल्या एसटीने निघालात तरी वेळेत पोचाल. फीचा विषय काढायचा नाही. ब्लॉगवरच्या पत्त्यावर मेल टाका, घर कसं सापडेल ते कळवते. ट्रॅक आणू नका. तिचा सा कुठे लागतो ते ऐकून तानपुरा त्या पट्टीत लावू, आणि मग तिला जे गावंसं वाटेल ते गाऊ दे.