नांदेडच्या विमानतळाचा म्हणून फिरणारा फोटो नांदेडचा नाही

काल सकाळी मीच आपल्या ग्रुपवर टाकलेलं की नांदेडला छोटं जेट ब्रेक अचानक फेल होऊन रनवेबाहेर गेलं, पायलटच्या हातात काहीच नव्हतं. माफ करा, ते चुकलंय. फोटो नीट झूम केला तर विमानावरचा नंबर एन ने सुरू होतोय, म्हणजे अमेरिकेचं विमान, आपल्याकडचे नंबर व्हीटी ने सुरू होतात.

ते फाल्कन ५० नावाचं छोटं जेट आहे, २७ सप्टेंबर २०१८ ला अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला उतरताना थांबलंच नाही, रनवे संपून बांधावरून खाली गेलं अन् दोन्ही पायलट वारले, मागचे दोन प्रवासी जखमी झाले.

अन् "अचानक" हे तर अजिबात खरं नाही. तिथल्या एनटीएसबीचा, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचा अहवाल सांगतो की विमानातले बिघाड आधीपासून माहीत होते, दुरुस्त न करताच उडवलं, आणि इमर्जन्सी ब्रेक लागायला जो स्विच फिरवावा लागतो तो फिरवलाच नव्हता. मला हेच जास्त लागलं, दोन जीव वाचू शकले असते ना.

नांदेडला लेकरंबाळं असणाऱ्यांचे रात्री घाबरून फोन आले, म्हणून हात जोडून सांगतो, तो मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असंल तर डिलीट करून त्याच ग्रुपवर हे टाका.