ते गाणं जे-झीचं नाही!

आज मंडळाच्या पिकनिकला डीजेनं ‘बॅम बॅम’ लावलं आणि माईकवर ओरडला, ‘जे-झीऽऽ!’ डोकंच फिरलं माझं. अरे, जे-झी हा अमेरिकन रॅपर, त्यानं ते २०१७ मध्ये आपल्या गाण्यात उचललं. गाणं सिस्टर नॅन्सीचं, १९८२ सालचं. जाऊन सांगितलं तर म्हणतो, ‘काकू, वाईब बघा ना!’

नॅन्सी जमैकातल्या किंग्स्टनची. तिथे रस्त्यावर, मैदानात स्पीकरच्या भिंती रचायच्या, एकानं रेकॉर्ड लावायच्या, दुसऱ्यानं माईक धरून तालावर बोलायचं. माईकवर बहुतेक सगळे बाप्येच. त्यात ही विशीतली पोर घुसली!

आमच्या खालच्या मजल्यावर किंग्स्टनच्या एक आजी राहायच्या. एकदा कपडे धुवायच्या खोलीत माझ्या फोनवर हे गाणं लागलं, तशी टोपली खाली ठेवून बाई नाचायलाच लागल्या. म्हणाल्या, मुलींना तिकडे फिरकायची बंदी, डान्स सुरू झाला की आई खिडक्या लावून घ्यायची. पण माईकवर बाईचा आवाज आला की आईसुद्धा खिडकीशी थबकायची. मला तर ती आईच डोळ्यांसमोर येते.

१९९६ मध्ये नॅन्सी इथे आली, आपल्या न्यू जर्सीत, आणि बँकेत हिशेबाचं काम करू लागली. तिकडे १९९८ मध्ये लॉरिन हिल या गायिकेनं ‘बॅम बॅम’चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला. तीही न्यू जर्सीचीच! जगभर गाणं वाजतंय आणि बाई दुसऱ्यांचे पैसे मोजतेय. चीड येत नाही तुम्हाला?

हो, माहीत आहे, नॅन्सीच्या गाण्याचा ताल आधीचाच, ‘स्टॅलॅग’ नावाचा, आणि ‘बॅम बॅम’ हे पालुपद टूट्स अँड द मेटल्स या जमैकन बँडच्या १९६६ च्या गाण्यातलं. डान्सहॉल, म्हणजे हे तालावर बोलायचं जमैकन संगीत, असंच चालतं, एका तालावर दहा जण गातात. मान्य. पण म्हणून गाणारीला छदाम द्यायचा नाही?

आजी म्हणायच्या, त्या गाण्यानंतर शाळेच्या मधल्या सुट्टीत मुली डबे वाजवून नॅन्सी व्हायच्या. याची किंमत कुठल्या करारात धरली असेल?

२०१४ मध्ये बुटांच्या जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकून तिनं वकील गाठला. तेव्हा कुठे निम्मे हक्क आणि मागच्या दहा वर्षांची रॉयल्टी पदरात पडली. त्याआधीची बावीस वर्षं गेली ती गेलीच. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांच्या भाषेत एक सणसणीत शिवी हासडली. ती इथे लिहिता येत नाही, नातेवाईक आहेत यादीत.