रक्तबंबाळ येशू फक्त भीती घालायला रंगवला?

जर्मन चित्रकार माथियास ग्रूनेवाल्डच्या आयझेनहाइम वेदीचित्राचा (१५१२–१६; चर्चच्या वेदीवरचं, दारांसारखं उघडणारं चित्र) फोटो जोडून तीन विधानं फिरवली जातात: क्रूसावरचा येशू पहिल्यापासून असाच छिन्नविच्छिन्न रंगवत, हेतू भक्तांना घाबरवण्याचा, आणि क्रूसाखालची कवटी म्हणजे गुप्त मृत्युपंथाची खूण.

‘पहिल्यापासून’ तर साफ चूक. रोमच्या सांता सबिना चर्चच्या पाचव्या शतकातल्या लाकडी दारावर येशू हात पसरून उभा आहे, वेदनेचा मागमूस नाही. इटलीतल्या सार्झानाच्या ११३८ च्या रंगवलेल्या क्रूसावरही तो ताठ, डोळे उघडे, मृत्यूवर मात केलेला. मिटलेले डोळे आणि कलंडलेली मान इटलीत रुळली ती तेराव्या शतकात, चित्रकार जुन्ता पिसानोच्या सुमारास.

आता भीती. हे चित्र संत अँथनीच्या मठासाठी होतं आणि तिथले मठवासी अर्गट या बुरशीच्या विषबाधेचे रोगी सांभाळत. राय धान्यावर ही बुरशी धरते. त्या पिठाचा पाव खाल्ला की अंगाची आग होते, रक्तपुरवठा तुटून हातपाय काळे पडतात, सडतात, कापावे लागतात. मग चित्राकडे पाहा: हिरवट कातडी, अंगभर रुतलेले काटे, ताणून वाकडी झालेली बोटं. रोग्याला यात स्वतःचंच शरीर दिसे. शिवाय फोटोत दिसतात ती फक्त बंद दारं. ती उघडली की आत पुनरुत्थान: तोच देह, कातडी नितळ, जखमांतून उजेड. अर्धंच चित्र पाहून चित्रकाराचा हेतू ठरवायचा, हे जरा अतीच झालं.

आणि नुसतं रक्तच दाखवायचं असतं तर उजवीकडे बाप्तिस्मा देणारा योहान कशाला? त्याचा शिरच्छेद क्रूसाच्या आधीच झाला होता. लांबलचक बोटाने तो येशूकडे दाखवतो. शेजारी लॅटिन ओळ, ‘तो वाढत जावा, मी घटत जावं’. पायाशी कोकरू, म्हणजे येशूचंच प्रतीक; कोकराचं रक्त प्याल्यात पडतंय: हा थेट मिस्सेतला, म्हणजे द्राक्षारस येशूचं रक्त मानतात त्या उपासनेतला प्याला. गुडघे टेकलेली येशूची शिष्या माग्दालेना येशूच्या मानाने लहान, कारण इथे आकार महत्त्वावर ठरतो.

राहिली कवटी. या चित्रात ती नाहीच! इतरत्र असते, कारण येशूला क्रूसावर दिलं ते गुलगुथा म्हणजेच ‘कवटीची जागा’, आणि आदाम तिथेच पुरला गेल्याची जुनी परंपरा आहे. अथेन्सजवळच्या दाफ्नी मठातल्या सुमारे ११०० च्या मोझेकमध्ये क्रूसाच्या बुडाशी ती आहे. वरचं रक्त पहिल्या माणसाच्या पापावर पडतं, हा तिचा अर्थ.