प्रेशर कमी केलं की आरओचं पाणी जास्त शुद्ध होतं? उलट होतं

‘आरओचा पंप काढून टाका. प्रेशर कमी असलं की पाणी मेम्ब्रेनमधून सावकाश जातं, जास्त स्वच्छ होतं आणि मेम्ब्रेनही दुप्पट टिकतो.’ हा सल्ला सध्या बराच फिरतोय. (मेम्ब्रेन म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पातळ पडदा.)

‘सावकाश म्हणजे स्वच्छ’ हा हिशेब फडक्याने गाळण्याचा. मेम्ब्रेनला तशी छिद्रं नसतात. त्यातून पाणी किती जाणार ते प्रेशर ठरवतं. क्षार किती झिरपणार ते मुख्यतः दोन्ही बाजूंच्या खारटपणातल्या फरकावर ठरतं. म्हणजे प्रेशर उतरवलं की पाणी घटतं, क्षार जवळपास तेवढेच येत राहतात. चिमूटभर मीठ तेच, पेला मात्र अर्धा.

खरं तर अर्ध्याहूनही कमी. 1000 टीडीएसच्या (लिटरमागे 1000 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) पाण्याचा स्वतःचा ऑस्मोटिक दाब, म्हणजे क्षारांमुळे पाण्याला मागे खेचणारा दाब, साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक) असतो आणि तो आधी वजा होतो. 60 पीएसआयला कामाचे उरतात 50, तर 30 पीएसआयला फक्त 20. प्रेशर निम्मं, पाणी दोन पंचमांश! आधी 40 टीडीएस येत असेल, तर आता ढोबळमानाने 100 येईल.

‘पंप निरुपयोगी’ यात थोडं तथ्य आहे. नळालाच 50-60 पीएसआय मिळत असेल, तर पंप नसला तरी चालतं. पण गच्चीवरची टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असली, तरी जेमतेम 14 पीएसआय देते. त्यातून ऑस्मोटिक दाबाचे 10 वजा करा, मग आधीच्या फिल्टरांत जाणारं प्रेशरही.

मेम्ब्रेन टिकण्याचं म्हणाल, तर घरगुती मेम्ब्रेनची क्षमता मुळात 50-60 पीएसआयच्या आसपासच मोजलेली असते. तेवढं प्रेशर त्याला जाच नाही. तो खराब होतो क्लोरीनने आणि साचलेल्या क्षारांनी. म्हणून क्लोरीन अडवणारा कार्बन फिल्टर वेळेवर बदला आणि क्षार बाहेर नेणारी वेस्टची नळी चिमटून पाणी वाचवायला जाऊ नका.

पटत नसेल तर घरीच बघा. रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी सुरू करा. मेम्ब्रेनमधून थेट येणारं पहिलं पेलाभर पाणी टीडीएस मीटरने मोजा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. पहिला आकडा बहुधा चढा येईल. रात्रभर पाणी ढकलायला प्रेशर नव्हतं, क्षार मात्र निवांत पलीकडे जात होते.