तळ्याकाठचा प्लॉट आणि विक्रीखतात नसलेले पाणी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली चार कुटुंबे मिळून उत्तराखंडात, नैनिताल जिल्ह्यातल्या तलावांच्या परिसरात जमीन घ्यायच्या बेतात आहेत. मी तीस वर्षे बँकेच्या तारण कर्ज विभागात काढली असल्यामुळे "ताई, तुम्ही फक्त कागद बघा" असे म्हणून मे महिन्यात त्यांनी मलाही बरोबर नेले. कागद मी पाहिले, जमीन पाहिली, तळीही पाहिली. परत येताना गाडीत मी माझे मत सांगितले तेव्हा ते कोणाला फारसे रुचले नाही. पण त्यानंतर आणखी दोघातिघांनी इनबॉक्समध्ये हीच विचारणा केली, म्हणून इथे सविस्तर लिहिते. तळ्याकाठच्या प्लॉटला आपण जो जादा भाव मोजतो तो पाण्यासाठी मोजतो, आणि विक्रीखतात नेमके पाणी सोडून बाकी सगळे असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुंबईकरांना खरे तर हे वेगळे सांगायला नको. प्रभादेवीला किंवा वरळीला 'सी-व्ह्यू' म्हणून चौरस फुटामागे जास्त पैसे मोजून घेतलेल्या घरासमोर पाचसहा वर्षांत दुसरा टॉवर उभा राहिल्याच्या कहाण्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षांच्या अखंड वापरानंतर खिडकीतून येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो. खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रावर मात्र तसा हक्क सांगता येत नाही. घराच्या बाबतीत ही ठेच आपण खाल्लेली आहे, तरी जमिनीच्या बाबतीत तीच चूक करायला दीड हजार किलोमीटर दूर जातो, याचे मला नवल वाटते.

भीमतालची जागा दाखवणाऱ्या एजंटने पाठवलेल्या फोटोत पाणी कुंपणाला लागलेले दिसत होते. आम्ही प्रत्यक्ष गेलो तेव्हा कुंपण आणि पाणी यांच्यामध्ये सुकलेल्या, भेगाळलेल्या गाळाचा चांगला रुंद पट्टा होता आणि त्यावर मुले क्रिकेट खेळत होती. फोटो पावसाळा संपतानाचा होता हे त्याने विचारल्यावर सांगितले, न विचारता सांगितले नव्हते. भीमतालला १८८३ साली ब्रिटिशांनी बांध घातला, तो खाली हल्द्वानीकडच्या भाबर पट्ट्याला पाणी देण्यासाठी; त्यामुळे उन्हाळ्यात तळ्याची पातळी किती असावी हे काठावर घर असलेल्याच्या हातात नसते, ते पाणी सोडणाऱ्यांच्या हातात असते. तळे म्हणजे नकाशावर आखलेली कायमची रेघ नव्हे. ते दरवर्षी पुढे येते आणि मागे जाते, आणि ते मागे गेल्यावर उघडी पडणारी जमीन कोणाची हा प्रश्न आपण विकत घेतलेल्या सातबाऱ्याच्या, म्हणजे तिथल्या भाषेत खतौनीच्या, बाहेरचा असतो.

माझ्या मेहुण्यांनी हा धडा घराजवळच घेतला होता. २००४ साली त्यांनी पवना धरणाच्या जलाशयाकाठी 'बॅकवॉटर फेसिंग' प्लॉट घेतला. विकासकाच्या माहितीपत्रकावर होडी होती, छत्री होती, छत्रीखाली टोपी घातलेले जोडपे होते. मोजणी झाली तेव्हा कळले की प्लॉटची हद्द संपते तिथून पाण्यापर्यंतची सगळी जमीन धरणासाठी संपादित झालेली आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या तुकड्याचाही एक कोपरा तिच्यात जातो. सातबाऱ्यावरच्या इतर अधिकारांच्या रकान्यात नोंद स्पष्ट होती. ती वाचायची कोणाला सुचली नव्हती, कारण सगळे जण पाण्याकडे बघत होते. होडी त्यांनी कधीच घेतली नाही. छत्री घेतली होती, ती अजून आमच्या माळ्यावर आहे.

आता कुमाऊंच्या, म्हणजे नैनिताल ज्या डोंगरी प्रदेशात येते तिथल्या, कागदांविषयी, कारण तिथे मी अनेक तास घालवले. तिथली जमीन गुंठ्यांत मोजत नाहीत, नाली आणि मुट्ठीत मोजतात. सोळा मुट्ठ्यांची एक नाली, आणि नाली म्हणजे साधारण २०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जेमतेम दोन गुंठे. एजंट 'पाच नाली' म्हणाला की मुंबईच्या माणसाला ते एकरभर असल्यासारखे वाटते. त्याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे 'बेनाप'. ब्रिटिशांच्या बंदोबस्तात, म्हणजे महसूल ठरवण्यासाठी केलेल्या मोजणीत, जी जमीन मोजली गेली ती नाप, आणि जी मोजली गेली नाही ती बेनाप. १८९३ साली एका अधिसूचनेने ही सारी न मोजलेली जमीन संरक्षित वन म्हणून सरकारजमा झाली. त्याशिवाय गावाच्या ताब्यातली वनपंचायतींची जंगले आहेतच. म्हणजे रस्त्यापासून पाण्यापर्यंत उतरत जाणारा जो देखणा उतार आपल्याला दाखवला जातो, त्यातला वरचा तुकडा विकणाऱ्याच्या नावावर आणि खालचा, ज्याच्यासाठी आपला जीव टांगणीला लागलेला असतो तोच, कोणाच्याच नावावर नाही, असे सहज असू शकते. आम्हाला दाखवलेल्या दुसऱ्या जागेत, जी नौकुचियातालच्या वरच्या उतारावर नगरहद्दीबाहेर होती, नेमके हेच निघाले. मी खसरा क्रमांक, म्हणजे आपला सर्व्हे क्रमांक, लावून पटवाऱ्याकडच्या (आपल्या तलाठ्याकडच्या) नकाशावर बोट ठेवले तेव्हा एजंट शांतपणे म्हणाला, "मॅडम, नीचे का तो सब यूज़ करते ही हैं." वापरतात हे खरे आहे. पण वापर तारण ठेवता येत नाही आणि मुलांच्या नावावरही करता येत नाही.

मग कायदा. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला नगरहद्दीबाहेर जमीन घेण्यावर उत्तराखंडने २००३ साली ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली आणि काही वर्षांत ती २५० वर आणली. मधल्या काळात उद्योगांच्या नावाने बरीच ढिलाई झाली, लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत विधानसभेने दुरुस्ती मंजूर केली, जिच्यामुळे हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेती किंवा फळबागेची जमीन घेता येत नाही. घरासाठी २५० चौरस मीटर घेता येते, तेही शपथपत्र देऊन आणि एका कुटुंबाला एकदाच. नगरपालिका-नगरपंचायतींच्या हद्दीत ही मर्यादा नाही, पण तिथे भाव वेगळा आणि बांधकामाच्या परवानगीची वाटही वेगळी. कुटुंबामागे अडीच गुंठ्यांच्या आतल्या जमिनीत आमच्या मंडळींच्या मनातले बंगले कसे बसणार होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

सुचवलेले उपाय मात्र तीन होते, आणि तिन्ही माझ्या नोकरीत मी बुडताना पाहिलेले आहेत. पहिला, नवऱ्याच्या नावावर एक आणि बायकोच्या नावावर शेजारचा दुसरा तुकडा घेऊन मध्ये कुंपण न घालणे; कुटुंबाला एकदाच ही अट हीच युक्ती रोखण्यासाठी आलेली आहे. दुसरा, कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करून ताबा घेणे. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. तिसरा, आणि सगळ्यांत प्रेमाने सांगितला गेलेला, म्हणजे एखाद्या भरवशाच्या स्थानिक माणसाच्या नावावर घेणे. याला कायद्याच्या भाषेत बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि जमीन जप्त होते ती निराळीच. निवृत्तीनंतर डोंगरात शांतपणे राहण्याच्या बेतात सक्तमजुरी बसत नाही.

या कायद्यावर आमच्या गाडीत बरीच टीका झाली. "आपण काय परदेशी आहोत का?" असे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. मला राहवले नाही. आपल्या महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि तो नियम १९४८ च्या कुळकायद्यापासून आहे. 'कोकणातल्या जमिनी बाहेरच्यांना विकू नका, उद्या आपल्याच समुद्रावर आपल्याला कोणी उभे करणार नाही' हा मजकूर याच गृहस्थांनी आमच्या ग्रुपवर किमान चार वेळा पाठवला आहे. गुहागरच्या माणसाचे म्हणणे रास्त आणि भीमतालच्या माणसाचे तेच म्हणणे संकुचित, असे मला तरी म्हणता येणार नाही.

काठाबद्दल आणखी एक गोष्ट, जी पवईला फिरायला जाणाऱ्यांना आठवत असेल. पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा आधार घेत तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितले. या नियमांत गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करायला मनाई आहे. देशभरातल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या दोन लाखांवर पाणथळ जागांना याच तत्त्वावर संरक्षण द्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चाच आदेश आहे, आणि नैनिताल जिल्ह्यातले प्रमुख तलाव आकाराने त्याहून पुष्कळ मोठे आहेत. जिथे महापालिकेचे काम टिकले नाही तिथे आपला 'लेक-टच' व्हरांडा टिकेल, या आशेवर आयुष्याची पुंजी लावू नये.

कागदाच्या पलीकडची बाब डोंगराची. नैनितालला गेलेल्या सगळ्यांनी तळ्याच्या टोकाचे मोठे सपाट मैदान पाहिले असेल, ज्याला 'फ्लॅट्स' म्हणतात. तिथे भेळ खाताना ते इतके सपाट कसे, हा प्रश्न मलाही पूर्वी पडला नव्हता. १८ सप्टेंबर १८८० रोजी, मुसळधार पावसानंतर, शेर का डांडा टेकडीचा कडा खाली आला. सकाळी आधी एक लहान दरड पडली होती, तिच्यातल्या लोकांना काढायला माणसे जमली, आणि दुपारी मोठी दरड त्यांच्यासकट सगळे घेऊन गेली. १५१ माणसे गेली. व्हिक्टोरिया हॉटेल गेले, नैनादेवीचे जुने देऊळ गेले, आणि ते मैदान बरेचसे त्याच ढिगाऱ्याचे आहे. त्यानंतर डोंगरावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचे जे जाळे बांधले गेले त्यावर ते गाव आजही तगून आहे. ही सव्वाशेवर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर ऑक्टोबर २०२१ मध्ये पाऊस थांबेना तेव्हा नैनी तलावाचे पाणी मॉल रोडवर आले, शहराचे रस्ते तुटले, आणि जवळच्या मुक्तेश्वरला एका दिवसात ३४०.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, जो तिथे १८९७ पासून नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक होता. आपल्याला २६ जुलैची सवय आहे म्हणून हा आकडा लहान वाटेल. पण आपल्याकडे पाणी साचते, तिथे पाण्याबरोबर डोंगर येतो.

राहण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगते. मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून रात्रीची गाडी, काठगोदामला पहाटे उतरून पुढे वळणावळणाचा घाट; वर्षातून किती वेळा जाणार, हे प्रत्येकाने आपापल्या गुडघ्यांना विचारावे. उरलेले महिने घराला ओल येते, माकडे पत्र्यावर नाचतात, आणि राखणदाराचा पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

एवढे सगळे लिहूनही ज्यांना घ्यायचेच आहे, त्यांना माझे सांगणे आहे की बयाणा देण्याआधी खतौनीची ताजी नक्कल स्वतः काढा. विकणाऱ्याचे नाव संक्रमणीय, म्हणजे विकता येणाऱ्या, हक्काच्या श्रेणीत आहे की असंक्रमणीय, ते पाहा. दाखिल-खारिज, म्हणजे आपला फेरफार, पूर्ण झाला आहे का ते पाहा. आणि पटवाऱ्याला बरोबर घेऊन, मे महिन्यात आणि मग सप्टेंबरात, असे दोनदा हद्दीवर उभे राहा. घर बांधायचेच तर पाण्यापासून दूर, नगरहद्दीत, रस्त्याला लागून, कमी उताराची जागा घ्या आणि तळ्यावर रोज चालत जा. तळे पाहायला पैसे पडत नाहीत.

आमच्या चारांपैकी दोन कुटुंबांनी माघार घेतली आहे, एक अजून विचार करत आहे, आणि चौथ्याने, माझ्या न कळत, एजंटला टोकन पाठवले आहे. ते परत मिळवण्यासाठीचे पत्र काल रात्री मीच लिहून दिले. ऑक्टोबरमध्ये आम्ही सहा जण आठ दिवस नौकुचियातालला भाड्याने राहणार आहोत. खोल्या रस्त्याच्या वरच्या बाजूच्या मागितल्या आहेत.