जीएफपी जोडला काय, न जोडला काय? फरक पडतो!

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. सार असं : फ्यूजन प्रथिन (दोन प्रथिनं सलग जोडून केलेलं एक) बनवणं म्हणजे लेगो. दोन जीन एकापुढे एक लावा, मधला स्टॉप कोडॉन (वाचन थांबवणारी खूण) काढा, फ्रेम (तीन-तीन बेसचं वाचन) सांभाळा, झालं. दोन्ही प्रथिनं आपापलं काम करत राहतात. टॅग (ओळखीसाठी जोडलेलं प्रथिन) कुठल्याही टोकाला चालतो, लिंकर (दोघांना जोडणारा मधला तुकडा) म्हणजे नुसता दोरा. आणि जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, तर शर्टाच्या कॉलरवरचं लेबल. ते चमकलं की आपलं प्रथिन तिथेच आहे.

फ्रेमचं तेवढं बरोबर आहे. एक बेस कमीजास्त झाला की पुढचं सगळं वाचन बिघडतं. बाकीच्याबद्दल बोलू.

आधी ते लेबल. जीएफपी २३८ अमिनो आम्लांचा, सुमारे २७ किलोडाल्टनचा पिंपासारखा गोळा आहे. ई. कोलाय या जीवाणूचा लांबुळका आकार राखणारं एमआरईबी हे प्रथिन जेमतेम ३७ किलोडाल्टनचं. सदतीस किलोच्या पोराच्या पाठीवर सत्तावीस किलोचं दप्तर दिलं, तर ते पोर नेहमीसारखं चालेल का?

नाहीच चाललं. एमआरईबीच्या एन-टोकाला (सुरुवातीच्या टोकाला) वायएफपी (जीएफपीचाच पिवळा भाऊ) जोडून काढलेल्या फोटोंत पेशीभर वळसे घेत जाणारी सुरेख सर्पिल दिसायची. बघताक्षणी पटावी अशी रचना, त्यामुळे ती पटलीही. २०१२ मध्ये मॅथ्यू स्वुलियस आणि ग्रँट जेन्सन यांनी त्याच प्रकारच्या पेशी गोठवून इलेक्ट्रॉन क्रायोटोमोग्राफीने (गोठवलेल्या पेशीचं त्रिमितीय चित्र काढायची पद्धत) पाहिल्या. टॅग असलेल्या पेशींत सर्पिल खरोखरच होती; टॅग नसलेल्या पेशींत तशी लांबच लांब सर्पिल नव्हती. म्हणजे सूक्ष्मदर्शक खोटं बोलत नव्हता. त्याने जे दाखवलं ते होतंच, फक्त ते टॅगने घडवलेलं होतं. मला हा सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा दाखला वाटतो, कारण इथे फोटो कितीही चांगला काढला असता तरी चूक सापडली नसती.

त्याच वर्षी क्लिपपीचं प्रकरण आलं. हे प्रथिनं तोडणारं यंत्र. चमकता टॅग लावला की ते जीवाणूत एका ठिकाणी ठिपक्यासारखं गोळा झालेलं दिसे. मूळ, टॅगविना क्लिपपी तसं गोळा होत नाही, असं निघालं. कारण समजायला सोपं आहे. जीएफपीच्या अनेक प्रकारांना एकमेकांना चिकटायची थोडी सवय असते. एकेकटं प्रथिन असेल तर ती जाणवतही नाही. पण क्लिपपी १४ तुकड्यांचं मिळून बनतं, म्हणजे एकेका यंत्रावर १४ हुक. वेलक्रोसारखं. यावर उपाय आहे : जीएफपीच्या २०६ व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी लायसिन घातलं की ही चिकटण्याची खोड बरीच जाते. रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने हे २००२ मध्येच दाखवलं होतं. तरीही कुणाच्या तरी फ्रीजरमधलं जुनं प्लाझमिड (जीन वाहून नेणारा डीएनएचा तुकडा) घेऊन काम उरकणारे आजही भेटतात.

‘कुठल्याही टोकाला चालतो’ हे तर एमआरईबीनेच निकालात काढलं. तिथे टॅग शेवटी टोकाला न लावता प्रथिनाच्या मधल्या एका वळणात, सँडविचसारखा बसवावा लागला, तेव्हा कुठे जीवाणू नीट वाढले. रास या प्रथिनाचं उदाहरण आणखी साधं. रास पेशीच्या पडद्याला धरून राहतं ते त्याच्या अगदी शेवटच्या चार अमिनो आम्लांच्या खुणेमुळे. त्यातल्या सिस्टीनवर चरबीची शेपटी बसते. तिथेच जीएफपी चिकटवलात तर ती खूण शेवटी उरत नाही आणि रास पडद्यावर जात नाही. उलट, ज्या प्रथिनाचा पत्ता एन-टोकाच्या सिग्नल पेप्टाइडमध्ये लिहिलेला असतो, त्याच्या पुढे टॅग लावणं म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यावर तिकीट डकवणं.

लिंकर ‘नुसता दोरा’? अँटिबॉडीचे पकडणारे दोन भाग एका साखळीत जोडताना ग्लायसिन-ग्लायसिन-ग्लायसिन-ग्लायसिन-सेरीन हा तुकडा तीनदा घालतात, म्हणजे १५ अमिनो आम्लं. तोच लिंकर ५ वर आणा. आता त्या दोन भागांना एकमेकांपर्यंत पोचता येत नाही, मग ते शेजारच्या रेणूतल्या भागांशी जोडी जमवतात. एकाऐवजी दोन पकडी असलेला नवाच रेणू तयार होतो. याला डायबॉडी म्हणतात आणि १९९३ पासून तो मुद्दाम बनवला जातो. दोऱ्याची लांबी बदलली आणि वस्तूच बदलली.

‘दोन्ही आपापलं काम करतात’ याचं उत्तर आपल्या मुंबईतलंच देता येईल. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांच्या कामातून आलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराचा गाभा टी-पेशींवर (प्रतिकार करणाऱ्या रक्तपेशींवर) बसवलेला एक काइमेरिक, म्हणजे वेगवेगळे तुकडे जोडलेला, रिसेप्टर आहे : बाहेर सीडी१९ ही कर्कपेशीवरची खूण पकडणारा अँटिबॉडीचा तुकडा, आत ४-१बीबी आणि सीडी३-झीटा हे पेशीला चालना देणारे तुकडे. असे रिसेप्टर प्रथम बनले तेव्हा आत नुसतं झीटा होतं. पेशी हल्ला करायच्या, पण शरीरात टिकायच्या नाहीत. शिवाय जीडी२ ही दुसरी खूण ओळखणाऱ्या एका रिसेप्टरमध्ये बाहेरचे तुकडे आपापसांतच चिकटले आणि समोर कर्कपेशी नसतानाच टी-पेशी दमून गेल्या. बाहेरच्या भागाने आतल्याला कामाला लावलं होतं.

उरलं ‘चमकलं की तिथेच आहे’. उलट बाजूने आधी : नेहमीच्या सेक मार्गाने (प्रथिनं आतल्या पडद्यापलीकडे नेणारी वाट) जीवाणूच्या पेरिप्लाझममध्ये, म्हणजे दोन पडद्यांमधल्या जागेत, पाठवलेला जीएफपी नीट घडी घेत नाही, त्यामुळे प्रथिन असूनही अंधारच. आणि सुलट बाजूने माझीच फजिती सांगतो. एका फ्यूजनने माझी अख्खी पेशी हिरवीगार व्हायची, केंद्रकासकट. तीन आठवडे मी फोटो काढले, ‘सर्वत्र आढळ’ असं वहीत लिहिलं, एका सादरीकरणात स्लाइडही घातली. बाजूच्या बाकावरच्या ताईने विचारलं, “ब्लॉट केलास का रे?” केला. (ब्लॉटमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊन पट्ट्यांसारखी, म्हणजे बँडसारखी, दिसतात.) ९० किलोडाल्टनच्या आसपास बँड हवा होता, तिथे धुरकट रेघ. खाली २७ वर मात्र काळाकुट्ट ठसठशीत बँड. माझं प्रथिन कधीच तुटून गेलं होतं आणि मी तीन आठवडे सुट्ट्या जीएफपीचे फोटो काढत होतो.